तारकनाथ दास: अमेरिकेच्या नागरिकत्वाचा झगडा

मेरी कीटिंग मोर्स या जन्मानं अमेरिकन. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी एनएएसीपी ही संघटना असो की स्त्रियांच्या समान हक्कांची चळवळ, या बाई सुरुवातीपासून दोन्हींच्या पाठीशी उभ्या. १९२४ साली त्यांनी लग्न केलं आणि सरकारच्या लेखी त्यांचं अमेरिकन नागरिकत्व गेलं. त्यांनी देश सोडला नव्हता, की कुठला गुन्हा केला नव्हता. फक्त नवरा हिंदुस्थानी होता.

नवऱ्याचं नाव तारकनाथ दास. लेखक, संपादक, क्रांतिकारक, पुढे प्राध्यापक. गंमत म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही, पण विचित्र नक्कीच आहे: लग्नाच्या दहा वर्षं आधीच दास यांना अमेरिकेच्या न्यायालयानं नागरिकत्व दिलं होतं. म्हणजे कागदोपत्री नवरा अमेरिकन, बायकोही अमेरिकन. तरी दोघांच्या लग्नामुळे बायकोचं नागरिकत्व जातं, हे कसं? हे नीट कळलं की शंभर वर्षांपूर्वी परदेशात हिंदुस्थानी माणसाची काय अवस्था होती, ते आपोआप उलगडतं.

बंगालमधून सिएटलला

तारकनाथांचा जन्म १८८४ चा, कांचरापाड्याजवळच्या माझीपाडा गावातला. वडील कलकत्त्याच्या तार खात्यात कारकून. विद्यार्थिदशेतच तारकनाथ अनुशीलन समितीच्या वर्तुळात ओढले गेले. बाहेरून तालीम आणि व्यायामशाळा, आतून क्रांतिकारकांची संघटना, अशी ती समिती. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची लाट उसळली आणि पोलिसांचा ससेमिरा मागे लागला. तारकनाथ साधूच्या वेशात निसटले आणि जपानला पोहोचले.

जपानच का, तर त्याच वर्षी जपाननं रशियाला हरवलं होतं. आशियातल्या देशानं युरोपातल्या बलाढ्य सत्तेला पाणी पाजलं, ही बातमी तेव्हा आपल्याकडे घरोघरी पोहोचली होती. पण जपानचा इंग्लंडशी मैत्रीचा करार होता. ब्रिटिशांनी दबाव आणला आणि तिथंही थारा मिळेना. १९०६ च्या जुलैमध्ये तारकनाथ बोटीनं सिएटलला उतरले. वय बावीस. सुरुवातीला शेतावर आणि मिळेल तिथे मोलमजुरी केली, मग शिक्षण सुरू केलं. १९०७ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात दुभाष्याची नोकरी लागली आणि नेमणूक झाली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कचेरीत.

या नोकरीनं त्यांना घडवलं, असं मला वाटतं. कलकत्त्यात पाहिलेलं साम्राज्य हे लाठी आणि तुरुंगाचं होतं. व्हँकुव्हरच्या कचेरीत त्यांना साम्राज्याचं दुसरं रूप दिसलं: टेबल, फॉर्म, प्रश्न आणि शिक्का. समोर उभे असायचे पंजाबचे शेतकरी आणि निवृत्त शिपाई. यातल्या पुष्कळांनी ब्रिटिश राणीसाठी, राजासाठी लढाया केल्या होत्या, छातीवर पदकं होती. त्यांची समजूत अशी की आपण साम्राज्याचे प्रजाजन, कॅनडाही साम्राज्याचाच भाग, मग तिथं जाऊन काम करायला हरकत कोणाची? हरकत होती. अमेरिकेत शिरू पाहणाऱ्यांनाही तेच उत्तर.

न दिसणारी भिंत

त्या काळात अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड कापायच्या गिरण्या आणि रेल्वेची कामं जोरात होती. मालकांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून हिंदुस्थानी कामगार आले. गोऱ्या कामगारांना वाटलं, हे आपल्या मजुरीवर टाच आणणार. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडोंचा जमाव हिंदुस्थानी मजुरांच्या बिऱ्हाडांत घुसला. मारहाण केली, सामान रस्त्यावर फेकलं आणि दोनेकशे माणसांना गावाबाहेर घालवलं. तीनच दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्त्यांवर जमाव चालून गेला.

कॅनडा सरकारपुढे पेच पडला. ‘हिंदुस्थानी माणसाला बंदी’ असा कायदा उघड केला तर साम्राज्याची अब्रू जाते आणि हिंदुस्थानात असंतोष भडकतो. म्हणून जानेवारी १९०८ मध्ये एक नियम निघाला. कॅनडात येणाऱ्यानं आपल्या देशातून निघून, वाटेत न थांबता, निघतानाच काढलेल्या एका तिकिटावर आलं पाहिजे. वाचायला साधा, निरुपद्रवी. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट बोट जातच नव्हती. हाँगकाँगला किंवा जपानला बदलावी लागे. आणि ज्या कंपनीला सलग तिकीट देणं शक्य होतं, तिनं ते विकू नये अशी व्यवस्था केली गेली. नियमात कुठेही ‘हिंदुस्थानी’ हा शब्द नाही, आणि हिंदुस्थानी माणूस मात्र बाहेर. सहा वर्षांनी ‘कोमागाता मारू’ जहाजातून ३७६ जण या नियमाला आव्हान द्यायला गेले. दोन महिने त्यांना व्हँकुव्हरच्या बंदरात पाण्यावरच अडकवून ठेवलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबजला उतरल्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला.

दुभाष्याच्या खुर्चीत बसून दास हे सगळं आतून पाहत होते. मजुरांना ते अर्ज लिहून देत, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते समजावत. एप्रिल १९०८ मध्ये त्यांनी ‘फ्री हिंदुस्थान’ हे इंग्रजी पत्र सुरू केलं. शीर्षकाजवळ ब्रीद होतं: जुलमाचा प्रतिकार म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणं. न्यू वेस्टमिन्स्टरजवळच्या मिलसाइडला मजुरांसाठी शाळा काढली, इंग्रजी शिकवायला आणि त्यासोबत आपले हक्क सांगायला.

पत्र निघालं आणि नोकरी गेली. कॅनडा सरकारनं विल्यम हॉपकिन्सन नावाचा एक अधिकारी हिंदुस्थानी लोकांवर पाळत ठेवायला नेमला होता. हा पूर्वी कलकत्त्याच्या पोलिसांत होता. त्याच्या अहवालांची वाट व्हँकुव्हरहून ओटावाला, तिथून लंडनला आणि लंडनहून कलकत्त्याला. दास यांना व्हँकुव्हर सोडावं लागलं. पत्र आधी सिएटलहून निघालं, मग न्यूयॉर्कहून, तेही आयरिश स्वातंत्र्यवाद्यांच्या मदतीनं. आयर्लंडची आणि आपली दुखणी एकच होती, त्यामुळे ही मैत्री पटकन जमली. १९१० च्या सुमारास पत्र बंद पडलं.

याच काळात दास वॉशिंग्टन विद्यापीठात शिकत होते. १९१० मध्ये बी.ए., १९११ मध्ये एम.ए. मधल्या काळात व्हरमाँटमधल्या नॉर्विच या लष्करी शिक्षण देणाऱ्या विद्यापीठात नाव घातलं होतं, पण ब्रिटिशांच्या तक्रारीमुळे ते सोडावं लागलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्याच सुमारास अमेरिकेत आले होते आणि कॅलिफोर्नियात या दोघांनी मिळून स्वातंत्र्यासाठी संघटना बांधायला सुरुवात केली. खानखोजे पुढे मेक्सिकोत मोठे कृषिशास्त्रज्ञ झाले. मराठी वाचकांना त्यांची ओळख आहे, दासांची मात्र फारशी नाही.

टॉल्स्टॉयचं उत्तर

‘फ्री हिंदुस्थान’चे संपादक म्हणून दासांनी मे १९०८ मध्ये लिओ टॉल्स्टॉयना पत्र पाठवलं. हिंदुस्थानातल्या दुष्काळांबद्दल आणि लुटीबद्दल लिहून त्यांनी पाठिंब्याचे दोन शब्द मागितले. टॉल्स्टॉय तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं आणि ते महिनोन्‌महिने, खर्ड्यामागून खर्डे करत, लिहीतच राहिले. डिसेंबर १९०८ मध्ये ते पूर्ण झालं.

उत्तर दासांना हवं होतं तसं नव्हतं. टॉल्स्टॉयचं म्हणणं असं की तीसेक हजार इंग्रज वीस कोटींच्या देशाला गुलाम करू शकत नाहीत. तुम्हीच त्यांच्या सैन्यात, कचेऱ्यांत, वसुलीत सामील होता, म्हणून हे राज्य चालतं. हिंसेनं उलथवायला जाऊ नका. सामील व्हायचं थांबवा. दासांना हे पटलं नाही. जुलमाविरुद्ध बळ वापरणं न्याय्य आहे या मतावर ते ठाम होते आणि त्यांनी टॉल्स्टॉयना तसं जाहीर उत्तरही दिलं.

पण या पत्राची प्रत १९०९ मध्ये लंडनला आलेल्या एका बॅरिस्टराच्या हाती पडली. ते मोहनदास गांधी. त्यांनी टॉल्स्टॉयना पत्र लिहून हा मजकूर छापायची परवानगी मागितली आणि दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कासल’ बोटीवर त्याचं गुजराती भाषांतर केलं. गांधी आणि टॉल्स्टॉय यांचा पत्रव्यवहार असा सुरू झाला. सशस्त्र लढ्याच्या बाजूनं उभ्या असलेल्या बंगाली तरुणाच्या चिठ्ठीमुळे असहकाराच्या विचाराला एवढा मोठा आधार मिळाला. दासांची नोंद आपल्याकडे झालीच तर या एका संदर्भापुरती होते, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

नागरिक कोण होऊ शकतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १७९० साली अमेरिकेनं कायदा केला होता की बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’ नागरिक होऊ शकतील. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात घेतलं. मध्ये उरले ते आशियातले लोक. चिन्यांना वेगळ्या कायद्यानं स्पष्ट नाकारलं होतं. हिंदुस्थानी, अरब, आर्मेनियन, जपानी यांच्याबद्दल कायदा गप्प होता. म्हणजे समोरचा माणूस गोरा आहे की नाही हे ठरवायचं कोणी, तर ज्या न्यायाधीशापुढे अर्ज आला त्यानं.

मग एकेक न्यायाधीश एकेक निकष लावू लागला. कोणी कातडीचा रंग पाहिला, कोणी मानववंशशास्त्राची पुस्तकं उघडली. त्या काळच्या पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातले लोक ‘कॉकेशियन’ वंशात घातलेले असत. या मुद्द्यावर काहींना नागरिकत्व मिळालंही. १९१० मध्ये मुंबईच्या भिकाजी बलसारा या पारशी व्यापाऱ्याला मिळालं. १९१३ मध्ये अक्षयकुमार मजुमदार या बंगाली आध्यात्मिक लेखकाला मिळालं. दासांचा अर्ज बरीच वर्षं फिरत राहिला. अखेर जून १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयानं त्यांना नागरिक करून घेतलं.

एवढी धडपड का? नागरिकत्व म्हणजे संरक्षण, हे त्याचं सरळ कारण. परक्या माणसाला सरकार हद्दपार करू शकतं. हद्दपार म्हणजे बोटीत बसवून ब्रिटिशांच्या ताब्यात, आणि दासांसारख्यासाठी त्याचा अर्थ जन्मठेप किंवा फास. त्यांच्याच चळवळीतला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परत गेला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फाशी गेला. नागरिकाला मात्र असं बोटीत बसवता येत नाही. तो लिहू शकतो, सभा घेऊ शकतो, पासपोर्ट काढून जगभर फिरू शकतो. दासांनी लगेच तेच केलं.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नागरिकत्वासाठी आपल्या लोकांनी न्यायालयांत जो युक्तिवाद केला तो असा: आम्ही आर्य, आम्ही उच्चवर्णीय, आमचं रक्त शुद्ध, म्हणून आम्ही गोऱ्यांत मोडतो. पुढे याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तर वकिलांनी लेखी मांडलं की उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींकडे लग्नसंबंधांच्या बाबतीत तसंच पाहतो, जसं गोरा अमेरिकन निग्रोकडे. हक्क मागायला गेलेल्या माणसानं जातीचा दाखला पुढे करावा! अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. त्या विचारापासून हे कोसभर दूर. कायदाच तसा होता, दुसरा मार्ग नव्हता, हे खरं. पण भिंत चुकीची आहे असं म्हणण्याऐवजी आम्हाला तेवढं आत घ्या, असं म्हटलं गेलं आणि त्याची किंमतही पुढे मोजावी लागली.

युद्ध, कट, तुरुंग

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. कॅलिफोर्नियात गदर पक्ष, म्हणजे तिथल्या हिंदुस्थान्यांचा क्रांतिकारक पक्ष, स्थापन झालेला होता. ब्रिटन अडचणीत असताना हिंदुस्थानात उठाव करायचा आणि जर्मनीकडून पैसा व शस्त्रं घ्यायची, अशी योजना ठरली. दास बर्लिनला गेले, तुर्कस्तानात गेले, मग चीन आणि जपान. जर्मनीची मदत घेणं बरोबर की चूक यावर आज वाद घालता येतो. कैसरचं जर्मनी काही स्वातंत्र्याचं कैवारी नव्हतं. दासांचा हिशेब सरळ होता: शत्रूचा शत्रू तो मित्र. शस्त्रांची जहाजं मात्र कधी पोहोचलीच नाहीत.

१९१७ मध्ये अमेरिका ब्रिटनच्या बाजूनं युद्धात उतरली आणि वारं फिरलं. सॅन फ्रान्सिस्कोत ‘हिंदू-जर्मन कटा’चा खटला उभा राहिला. (अमेरिकेत तेव्हा हिंदुस्थानातल्या कोणालाही, अगदी शीख-मुसलमानांनाही, ‘हिंदू’च म्हणत.) आरोप असा की अमेरिका तटस्थ असताना तिच्या भूमीवरून मित्रराष्ट्राविरुद्ध लष्करी मोहीम आखली. दास त्या वेळी पूर्व आशियात होते. ते परत आले आणि खटल्याला सामोरे गेले.

खटला नोव्हेंबर १९१७ पासून पाच महिने चालला. २३ एप्रिल १९१८ हा शेवटच्या टप्प्यातला दिवस. न्यायालय मधल्या सुट्टीसाठी उठत होतं. आरोपींपैकी रामसिंग उठला आणि गदर पक्षाचे त्या वेळचे नेते रामचंद्र यांच्यावर त्यानं भर न्यायालयात गोळ्या झाडल्या. पैशाचा अपहार आणि फितुरीचे आरोप आतल्या आत धुमसत होते. दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मार्शलनं लोकांच्या डोक्यांवरून नेम धरून रामसिंगला टिपलं. दोघंही तिथंच मेले. बारा वर्षं ज्या चळवळीसाठी दासांनी सगळं पणाला लावलं, तिच्यातली फूट अशी सगळ्या जगासमोर आली.

त्यानंतर लगेचच निकाल लागला. हिंदुस्थानी आरोपींमध्ये सर्वात मोठी शिक्षा दासांना, बावीस महिने. रवानगी कॅन्ससमधल्या लेवनवर्थ तुरुंगात.

सुटकेनंतर हद्दपारीची टांगती तलवार होती. पण आता चित्र जरा बदललं होतं. १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ ही संस्था उभी राहिली होती. शैलेंद्रनाथ घोष, पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली, प्राध्यापक रॉबर्ट मॉर्स लव्हेट अशी मंडळी तिच्यात होती. राजकीय मतांसाठी कोणालाही ब्रिटिशांच्या हवाली करू नये, ही त्यांची पहिली मागणी. अमेरिकेतल्या कामगार संघटना, आयरिश मंडळी, नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणारे वकील यांनी साथ दिली. दास या कामात जीव ओतून उतरले. बंदूक मागे पडली. सभा, पत्रकं आणि कायदा ही नवी हत्यारं झाली. मला दासांच्या आयुष्यातला हा टप्पा सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण जर्मनीच्या पैशानं जे साधलं नाही ते इथं थोडं थोडं साधू लागलं. लोक ऐकू लागले.

थिंद खटला आणि बिनदेशाची माणसं

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल दिला. थिंद मूळचे पंजाबचे, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले.

तीनच महिने आधी याच न्यायालयानं ओझावा नावाच्या जपानी अर्जदाराला नाकारलं होतं. कारण दिलं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस त्यात बसत नाही. थिंद यांचं म्हणणं, शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे, मग मला द्या. आता न्यायमूर्ती सदरलँड यांनी पवित्रा बदलला. शास्त्र काहीही म्हणो, कायद्यातला शब्द सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे वाचायचा. आणि सामान्य अमेरिकन माणूस हिंदुस्थानी माणसाला गोरा समजत नाही. ओझावाला शास्त्राचं दार दाखवून बाहेर काढलं, थिंदना व्यवहाराचं. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिलेले.

हे इथंच थांबलं असतं तर नवे अर्ज बंद झाले असते एवढंच. पण सरकारनं जुनी प्रमाणपत्रंही उकरून काढायला सुरुवात केली. यांना नागरिकत्व मुळात बेकायदा मिळालं, असा त्याचा दावा. मजुमदारांचं गेलं. आणखी कित्येकांचं गेलं. दासांवरही कारवाई सुरू झाली.

मेरीबाईंचं कोडं इथं सुटतं. १९२२ च्या केबल कायद्यानं अमेरिकन स्त्रीला मोठा दिलासा दिला होता: परदेशी माणसाशी लग्न केलं तरी तिचं नागरिकत्व राहील. पण त्यात एक पोटकलम होतं. ज्याला कायद्यानं नागरिक होताच येत नाही अशा परक्याशी लग्न केलं, तर तिचं नागरिकत्व जाईल. थिंद निकालानं हिंदुस्थानी माणूस या खान्यात पडला. तारकनाथांच्या हातात प्रमाणपत्र असलं तरी सरकारच्या मते ते पोकळ. म्हणून मेरीबाई आपल्याच देशात परक्या. कृष्णवर्णीयांच्या आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी झटलेल्या बाईला वंश आणि स्त्रीत्व या दोन्हींची शिक्षा एकाच कलमानं दिली.

नागरिकत्व गेलं म्हणजे माणूस पूर्वीच्या जागी परत येतो, असं वाटेल. तसं होत नाही. अमेरिकन होताना प्रत्येकाला ब्रिटिश राजाशी असलेली निष्ठा शपथेवर सोडावी लागली होती. आता अमेरिका म्हणते आमचा नाहीस, आणि ब्रिटिशांकडे जायचं तर ज्यांच्याविरुद्ध उभे राहिलो त्यांच्या पाया पडायचं. पासपोर्ट नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात शेतजमीन नावावर ठेवता येत नाही. दासांनी १९२५ मध्ये कलकत्त्याच्या ‘कलकत्ता रिव्ह्यू’मध्ये अमेरिकेतल्या अशा बिनदेशाच्या माणसांवर लेख लिहिला. मायदेशातल्या लोकांना त्यांचं सांगणं हे होतं की परदेशातल्या आपल्या माणसाचे हाल आणि देशाची गुलामगिरी हा एकच प्रश्न आहे. जपानी माणसाला नाकारलं तर टोकियोतलं सरकार निषेध तरी करतं. हिंदुस्थानी माणसासाठी बोलायला सरकारच नव्हतं.

याचा अर्थ प्रत्यक्ष काय होता ते वैष्णोदास बगई यांच्याकडे पाहिलं की कळतं. पेशावरचं सुखवस्तू घर सोडून, पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन ते १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले. दुकान टाकलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. थिंद निकालानंतर नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली. हिंदुस्थानात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्ट मागितला तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं उत्तर मिळालं. १९२८ मध्ये त्यांनी गॅस सोडून आत्महत्या केली. सोन्याच्या पिंजऱ्यात राहणं नको झालं, असं त्यांनी वर्तमानपत्रासाठी लिहून ठेवलेल्या पत्रात म्हटलं होतं.

ही लाट थोपवली लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांनी. थिंद यांची बाजूही त्यांनीच मांडली होती. आता त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावर गदा आली. या वेळी त्यांनी वंशाचा मुद्दा बाजूला ठेवला. ते म्हणाले, मला न्यायालयानं रीतसर नागरिकत्व दिलं, सरकारनं तेव्हा अपील केलं नाही, म्हणजे ती बाब कायमची मिटली. त्या निकालावर विसंबून मी वकिली केली, घर केलं, लग्न केलं. आता ते उलटवता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं हे मान्य केलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. त्यानंतर सरकारनं हिंदुस्थान्यांविरुद्धचे बाकीचे खटले सोडून दिले. रक्ताच्या शुद्धतेनं जे मिळालं नाही ते कायद्याच्या एका साध्या तत्त्वानं मिळालं. केबल कायद्यातलं ते कलमही १९३१ मध्ये काढलं गेलं.

पुढची वर्षं

दासांनी तोवर जॉर्जटाउन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती. आंतरराष्ट्रीय राजकारण हा त्यांचा विषय, आणि पुस्तकांमागून पुस्तकं त्यांनी त्यावरच लिहिली. हिंदुस्थानचं स्वातंत्र्य हा ब्रिटनचा घरगुती मामला नसून जगाच्या राजकारणातला प्रश्न आहे, हा त्यांच्या लेखनाचा गाभा. तारकनाथ आणि मेरी काही वर्षं म्युनिकला राहिले. तिथल्या डॉइचे अकाडमीत १९२८ मध्ये त्यांच्या पुढाकारानं इंडिया इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि हिंदुस्थानी विद्यार्थ्यांना जर्मनीत शिकायला शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९३५ मध्ये दोघांनी स्वतःच्या पैशातून तारकनाथ दास फाउंडेशन उभं केलं. परत आल्यावर दास न्यूयॉर्कमध्ये शिकवत राहिले.

हिंदुस्थानी माणसाला नागरिक होण्याचा हक्क कायद्यानं मिळाला तो २ जुलै १९४६ रोजी, लूस-सेलर कायद्यामुळे. त्यात वर्षाला फक्त शंभर हिंदुस्थान्यांना येऊ देण्याची मर्यादा होती. ही तुटपुंजी संख्या १९६५ च्या नव्या कायद्यानं गेली, आणि आज अमेरिकेत जी गावोगावची महाराष्ट्र मंडळं दिसतात ती बहुतांशी त्यानंतर गेलेल्या लोकांची.

१९४७ चं स्वातंत्र्य दासांना फाळणीसह मिळालं आणि ती जखम त्यांना फार लागली. ज्या फाळणीविरुद्ध उठून ते घराबाहेर पडले, तीच बंगालच्या नशिबी पुन्हा आली होती. पुढच्याच वर्षी मेरीबाई गेल्या. १९५२ मध्ये, शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी, ते पहिल्यांदा भारतात आले, व्याख्यानांसाठी, पाहुणे प्राध्यापक म्हणून. कलकत्त्यात त्यांनी विवेकानंद सोसायटी स्थापन केली आणि ९ सप्टेंबरला बंगालचे क्रांतिकारक बाघा जतीन यांच्या स्मृतिदिनाच्या सभेचं अध्यक्षपद भूषवलं. बालासोरला ब्रिटिशांशी लढताना जतीन पडले ते याच जर्मन शस्त्रांच्या योजनेपायी. सदतीस वर्षांनी त्यांच्या नावानं भरलेल्या सभेत त्यांचा हा अमेरिकन नागरिक असलेला साथी बोलायला उभा होता.

भारतात ते कायमचे राहिले नाहीत. न्यूयॉर्कला परतले, लिहीत-शिकवत राहिले आणि २२ डिसेंबर १९५८ रोजी तिथंच वारले. फाउंडेशनचा निधी कोलंबिया विद्यापीठात आहे आणि अमेरिकेत शिकणाऱ्या, पैशाअभावी अडलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना त्यातून मदत मिळत आली आहे.